बाबलीच्या दुकानातलं गाऱ्हाणं

मालवणच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. त्याला चिकटून बाबली कांदळगावकरचं ‘किरण व्हिडिओ’. मध्ये एकच पातळ भिंत, त्यामुळे बाबली कुणावर ओरडतोय हे मला रोज बसल्या जागी कळतं. त्याच्या घरात किरण नावाचं कुणीच नाही. हा किरण कोण म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं, तर तो सांगतो, “सूर्याचो.” आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घालतो.

बाबली आता साठीला टेकलाय. तरुणपणी मुंबईत एका शूटिंगवाल्याच्या हाताखाली तो लग्नात दिवे धरायचा. तिथून खांद्यावर ठेवायचा एक अवजड कॅमेरा घेऊन गावी परत आला आणि आचऱ्यापासून देवबागेपर्यंत एका अख्ख्या पिढीची लग्नं त्यानं कॅसेटीत भरली. मग कॅसेटी गेल्या आणि सीडी आली. सीडीवर हात बसतोय तोवर डीव्हीडी, मग मेमरी कार्ड, मग पेनड्राइव्ह. दर वेळी नवं यंत्र, नवी शिकवणी. “माझो जलम डबे बदलण्यात गेलो गो अनुजा,” असं तो मला म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. आता लग्नाला कुडाळचे पोरगे ड्रोन घेऊन येतात. बाबलीकडे उरले पासपोर्ट फोटो आणि लोकांचे न चालणारे व्हिडिओ.

पण न चालणाऱ्या व्हिडिओंना आमच्याकडे तोटा नाही. तारकर्ली-देवबागेत पाण्याखाली जाऊन आलेले पर्यटक ओल्या केसांनी त्याच्या दारात उभे राहतात. पैसे मोजून समुद्राच्या तळाशी काढलेला व्हिडिओ फोनवर नुसता काळा दिसतो. बाबली आधी त्यांना झाडतो, मग समजावतो. “एमपीफोर ह्या डब्याचा नाव. आत पेज आसा की सोलकढी, ता डब्यावरसून कळता? तुमच्या फोनाक आतला पचना नाय.” समोरच्या पुणेकराला यातलं अर्धंही कळत नाही, पण दहा मिनिटांत त्याचा मासा फोनमध्ये पोहायला लागतो. ‘फुकट सल्ला मिळणार नाही’ अशी पाटी लावून हा माणूस दिवसभर फुकट सल्ला वाटतो. गर्जेल तो पडेल काय म्हणतात. हा गर्जतोही आणि पडतोही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. गणपतीची चवथ तोंडावर आली होती, बाजारात मखरांच्या सामानानं रस्ता अडला होता. दुपारच्या एसटीनं देवबागची आनंदीकाकी केळुसकर आली आणि आधी माझ्याच दुकानात डोकावली. आमची जुनी ओळख.

“बाबली आसा?”

“आसा. पण सकाळपासून तापलोहा. जपून बोल.”

तिनं पदराखालून पेनड्राइव्ह काढला आणि माझ्यासकट त्याच्या दुकानात शिरली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण गिऱ्हाईक नव्हतं आणि माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

“रे बाबली, आमच्या ह्यांचो व्हिडिओ आसा,” ती म्हणाली. “ते गेले, तेच्या आदल्या चवथीचो. दिसतत, पण बोलणत नाय.”

‘हे’ म्हणजे तिचा नवरा, शंकर केळुसकर. मुंबईच्या गोदीत क्रेन चालवायचे. निवृत्त होऊन देवबागेत आल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती हँडीकॅमची. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना, जत्रेत, कुणी माडावर चढत असेल तर माडाच्या बुडाशी, सगळीकडे शंकरकाका कॅमेरा घेऊन हजर. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. कॅमेराही त्यांच्या मागोमाग खाऱ्या हवेनं मेला.

आनंदीकाकीचं काम असं होतं. तिचा मुलगा विनीत ठाण्याला नोकरी करतो. बापाच्या मागं घरचं गाऱ्हाणं धाकटा काका घालायचा, पण तो आता अंथरुणाला खिळला. या वर्षी ते विनीतवर आलं होतं आणि विनीतला शब्द येत नव्हते. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे तक्रार नव्हे. घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून आपल्या बोलीत घरादाराचं सगळं त्याच्या कानावर घालतो, आणि दर मागण्याला जमलेले पुरुष एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते पाठ करायचं नसतं, ऐकून ऐकून अंगात येतं. लहान वयात नोकरीसाठी ठाण्याला गेलेल्या पोराच्या अंगात कुठून येणार?

“बापाशीचा ऐकान शिकतलो, म्हणान इलंय,” काकी म्हणाली.

बाबलीनं पेनड्राइव्ह भिंतीवरच्या टीव्हीला लावला. शंकरकाका समोर आले. सोवळं नेसलेले, डोक्यावर टोपी, हातात नारळ, मागं चुलत्या-पुतण्यांची रांग. ओठ हलत होते. मध्येच मागची रांग तोंड उघडून काहीतरी म्हणत होती. आवाज काही नाही. बाबलीनं रिमोट दाबून दाबून आवाज शंभरावर नेला, टीव्ही तसाच मुका. मग त्यानं ती फाईल कॉम्प्युटरवर उघडली, तिची माहिती बघितली आणि चष्मा खाली ओढला.

“काकी, ह्या कोणी केला?”

“विनीतान ठाण्याक एका दुकानात कार्ड दिलेल्यान. तेणी ह्या करून दिल्यानी. म्हणाले, मायक बंद होतो.”

“मायक बंद आसतो, तर आवाजाचो धागो, ट्रॅक म्हणतत तो, आसतो आणि तो नुसतो गप ऱ्हवतो. हय धागोच नाय. डबो बदलताना आवाज सांडल्यानी आणि खापर मायकावर फोडल्यानी.” त्यानं हात पुढे केला. “मूळ कार्ड दी.”

आनंदीकाकीनं त्या हाताकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. “आसात खंयतरी घरात,” ती म्हणाली. “ऱ्हवांदे रे. दिसतत, ता पुरे.”

“पुरे? मगे देवबागेसून धक्के खात इलस कित्याक? मुको घोव बघूक?”

नवऱ्याबद्दल असं बाबलीनं बोलायला नको होतं. काकी उठली, पेनड्राइव्ह घेतला आणि माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. एसटीला अजून वेळ होता. मी तिला पाणी दिलं आणि बाबलीला चार शिव्या देणार होते, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

शंकरकाका गेले त्याच वर्षी ठाण्याच्या दुकानातून कार्ड परत आल्यावर विनीतनं ते स्वतः उघडून बघितलं होतं. आत दोन फोल्डर. एकात फोटो होते, ते त्यानं काढून घेतले. दुसऱ्यावर इंग्रजीत नाव होतं, ‘प्रायव्हेट’. सुनेनं अर्थ सांगितला. विनीतनं तो उघडला नाही, बायकोला उघडू दिला नाही. बापाचं खाजगी आपण कशाला बघायचं, म्हणाला, आणि कार्ड आईच्या हातात आणून दिलं. पोरगा गुणाचा, यात शंका नाही.

“तीस वर्सां मुंबैत एकटे ऱ्हवले गो,” काकी म्हणाली. “मी हय, ते थंय. माणसाचा काय काय आसता. मी कधी इचारूक नाय, तेणी कधी सांगूक नाय. आता मेल्या माणसाचा उघडून बघू? आणि ता बाबलीच्या दुकानात, बाजारात?”

मला शंकरकाकांचा राग आला. खरं तर त्यांनी काय केलंय हे मलाही ठाऊक नव्हतं, पण तिचा तो उतरलेला चेहरा बघून कुणावर तरी राग काढायलाच हवा होता. तीन वर्षं ही बाई त्या एका शब्दासोबत एकाच घरात राहत होती. मी तिला बस म्हटलं आणि तरातरा बाबलीकडे गेले. जे ऐकलं ते सगळं त्याला सांगितलं, वर त्याच्या तोंडाबद्दलही सुनावलं.

बाबली हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

“तिका हय हाड,” म्हणाला.

काकी यायला तयार नव्हती. मी जवळजवळ ओढूनच आणली. बाबलीनं कपाटातून लग्नाच्या शूटिंगचा जुना, कार्डावर चालणारा कॅमेरा काढला. नवं कार्ड तिच्या डोळ्यांदेखत पाकीट फोडून बाहेर काढलं, कॅमेऱ्यात घातलं आणि दारात उभं राहून माझ्या दुकानाच्या पायरीचं थोडं शूटिंग केलं. मग तेच कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

“वाच गो अनुजा. काय लिवलाहा?”

पडद्यावर एक फोल्डर होता. मी वाचलं, “प्रायव्हेट.”

काकीनं मान वर केली.

“आता माझा खाजगी काय आसा ता बघूया,” बाबली म्हणाला. त्यानं फोल्डर उघडला. त्यात आणखी एक, त्यात आणखी एक, आणि सगळ्यात आत नुसत्या शून्यांचं नाव असलेली फाईल. ती लावली तर माझी पायरी, आणि पायरीवर पाय वर करून अंग चाटत बसलेलं मांजर.

“माजराचा खाजगी,” बाबली म्हणाला. “काकी, ह्या नाव शंकरकाकान दिलेला नाय. कॅमेरो बनवणाऱ्यांनी ठेवल्यानी. ह्या जातीच्या कॅमेऱ्यात जा काय शूटिंग होता, ता सगळा ह्याच फोल्डरात पडता. देवाचा असो नायतर माजराचा.”

आनंदीकाकी त्या मांजराकडे बघत राहिली. मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक लहानसा पितळी करंडा काढला, कुंकवाचा. कुंकू त्यात नव्हतं. कापसाच्या बोळ्यावर मेमरी कार्ड ठेवलेलं होतं. म्हणजे कार्ड इतका वेळ तिच्या कमरेलाच होतं. घरून निघताना तिनं मनाशी काय ठरवलं होतं आणि बाबलीच्या दारात कुठं अवसान गळलं, ते तिचं तिलाच माहीत. तेवढ्यात बाहेरून देवबागची एसटी गेली. तिनं तिकडे बघितलंही नाही.

बाबलीनं कार्ड उघडलं. आत जत्रा होत्या, रापणी होत्या, नातवाचं बारसं होतं. चवथीची फाईल सापडली ती त्यानं पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावली. पुन्हा शंकरकाका, पुन्हा नारळ, पुन्हा हलणारे ओठ. आवाज नाही. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ आली होती. या जातीचा आवाज चालत नाही, असं काहीतरी.

बाबलीनं मांडीवर थाप मारली. “आसा! आवाज आसा!”

“चालना नाय म्हणान लिवलाहा आणि तू नाचतस कित्याक?”

“गो येडे, मघाशी टीव्ही गप होतो, कारण आत आवाज नव्हतोच. आता तो कुरकुरता. पानात वाढलेला नसताना ‘माका ह्या आवडना नाय’ असा कोण म्हणता काय?”

त्यानं कॉम्प्युटरला हेडफोन लावला, एक कान झाकला आणि फाईल इथून तिथून चालवून बघितली. सुरुवातीला तो मान डोलावत होता. मग एका ठिकाणी थांबला आणि बराच वेळ ऐकत राहिला. हेडफोन काढला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

“बरो आसा आवाज,” एवढंच तो म्हणाला. “थांब काकी, टीव्हीक पचात असो करून देतंय. चित्राक हात लावणय नाय. नुसती आवाजाची जात बदलतंय आणि एमपीफोरच्या डब्यात घालतंय.”

त्याचा कॉम्प्युटर म्हातारा, फाईल भली मोठी. पडद्यावरची पट्टी सरकेना. तेवढ्यात काकीच्या फोनवर विनीतचा फोन आला. आई एसटीनं परतली नाही हे त्याला घरून कळलं होतं. बाबलीनं फोन काढून घेतला. प्रायव्हेटचं कोडं सांगितल्यावर पलीकडून विनीत म्हणाला, “बाबलीकाका, फाईलचा नाव बदलून नुसता एमपीफोर केला आसता तर चलला नसता?”

“तुझा नाव बदलून आमदार ठेवला तर दारात मोटार येतली?”

“मगे माका व्हॉट्सॲपावर धाडा.”

“व्हॉट्सॲपाक बारको तुकडो देतंय. तुका शिकाक तेवढो पुरे. पण तो म्हणजे मूळ न्हय, ता ध्यानात ठेव. टीव्हीसाठी एमपीफोर येगळो. आणि कार्डातला जसा आसा तसा ऱ्हवतला, मी एक प्रत माझ्याकडे ठेवतंय. जागा होया म्हणान कार्ड पुसलस, तर ठाण्याक येवन तुझे कान धरीन.”

पट्टी सरकत होती. काकीला मी चहा मागवला. ती आता मोकळी झाली होती.

“खरा सांगू अनुजा?” ती म्हणाली. “विनीत शिकतलो, ता आसाच. पण माका ऐकूचा होता. लगीन होवन त्या घरात इलंय, तेव्हापासून एक गाऱ्हाणा मी ऐकूक नाय.”

“कधीच नाय?”

“कशी ऐकतलंय? गाऱ्हाण्याच्या वेळार मी रांदपाच्या खोलीत. वडे तळणीत, खीर उतू जाता. आमच्या घरात रीत अशी, गाऱ्हाणा झाल्याबगर नैवेद्याचा पान भायर न्हेवचा नाय. भाताची वाफ डोळ्यात, तेलाचो आवाज कानात. ह्यांचे शब्द काय आत येय नसत. येय ता ‘व्हय म्हाराजा’ तेवढा. शेवटचा सगळ्यांत मोठ्यान म्हणत. ता ऐकला की मी पान उचलून भायर जाय. चाळीस-पन्नास चवथी अशेच गेले.”

बाबली आमच्याकडे पाठ करून बसला होता. तो वळला नाही.

फाईल झाली. त्यानं टीव्हीला लावली, दाराचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाला, “तुझा झेरॉक्स मशीन बंद करून ये, घरघरता.” एरवी मी त्याला उत्तर दिलं असतं. मी जाऊन बंद करून आले.

आणि शंकरकाका बोलले. गोदीत क्रेनवरून हाका मारणाऱ्या माणसाचा तो भरदार, जरासा घोगरा आवाज. काकीनं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.

“बा देवा म्हाराजा, आज चवथीच्या दिवशी लेकरांनी तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मागची रांग म्हणाली.

“जी पोरां पोटासाठी परगावाक गेली हत, तेंका सुखान ठेव, आणि फुडल्या चवथीक अशीच तुझ्या पायांकडे हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

दर्यात जाणाऱ्यांसाठी मागणं झालं. भावाच्या दुखण्यासाठी झालं. मागून भांड्यांचा आवाज येत होता, कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज येत होता. तो आवाज कुणाचा, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मग शंकरकाकांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि आवाज जरा खाली आणला.

“आणि बा देवा, रांदपाच्या खोलीत एक आसा. ती कधी तुझ्याम्होरां येवन मागूची नाय. मी थंय मुंबैत ऱ्हवलंय, हय तुझो दिवो तिणा लावल्यान. तिचे गुडघे दुखतत, ती सांगना नाय. तिका बरी ठेव. माझ्या मागसून तिका कोणाच्या दारात उभी करू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळे एकदम, मोठ्यानं.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबली रिमोट हातात घेऊन उभा होता. त्यानं हेडफोनमध्ये काय ऐकलं होतं ते मला आत्ता कळलं. तो थांबवायला गेला, तर काकीनं हातानं खूण केली, राहू दे.

पडद्यावर आतलं दार उघडलं. घामाघूम आनंदीकाकी केळीचं वाढलेलं पान दोन्ही हातांवर तोलत बाहेर आली. गुडघे जपत वाकली. शंकरकाका जरा बाजूला सरकले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, “हंय ठेव.” तिनं पान ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि आल्या वाटेनं लगबगीनं आत गेली. तेलावर काहीतरी होतं.

“बघ गो अनुजा,” आनंदीकाकी म्हणाली. ती पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत होती. “तिका काय्येक कळूक नाय.”

तिनं गार झालेला चहा खाली ठेवला, डोळे पुसले आणि बाबलीकडे वळली.

“रे बाबली, तेच्या आदल्या वर्साचो पण आसा मां कार्डात? तो लाव.”